घरचे घड्याळ आणि कचेरीचे घड्याळ

टापटीप हा शब्द आपल्या घरांतून बहुधा वस्तूंच्या संबंधात उच्चारला जातो. चपला ओळीने लावलेल्या आहेत, फडताळातील डबे पुसून लखलखीत ठेवले आहेत, दोरीवरचे कपडे चुण्या न पडता वाळत आहेत, एवढे दिसले की पाहुणे मंडळी घराची वाखाणणी करतात आणि गृहिणीलाही आपल्या श्रमाचे चीज झाल्यासारखे वाटते. वेळेचीही टापटीप असते आणि ती साधणे वस्तूंच्या टापटिपीहून कितीतरी अवघड असते, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. कचेरीतल्या माणसाच्या वक्तशीरपणाचे कौतुक होते. तो वक्तशीरपणा कोठून येतो याची चौकशी कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखकाने मुंबईतल्या एका कचेरीत चौतीस वर्षे नोकरी केली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे त्यानेही ती केली नव्हती. ती करण्याचा प्रसंग कसा आला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम घड्याळाविषयी थोडेसे. आपल्या पूर्वजांचा दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होई. दिवसरात्रीच्या 60 घटका, घटकेची 60 पळे. आजच्या हिशेबाने एक घटका म्हणजे 24 मिनिटे. बुडाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडून ते बुडाले की एक घटका झाली असे मोजीत. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी ते घेऊन बसलेले जोशीबुवा आमच्या वडील पिढीने पाहिले होते. ही कालगणना ओबडधोबड होती असे समजण्याचे कारण नाही. परंतु तिचा आरंभ त्या त्या गावच्या सूर्याशी बांधलेला असे, आणि घरचे काम त्या सूर्याच्या कलाने चाले. पुढे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, आणि आगगाडी कोणाच्याही सूर्यासाठी खोळंबत नाही हे लोकांस हळूहळू कळले. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने सर्व देशास एकच 'स्टँडर्ड टाइम' लागू केला. मुंबईची वेळ त्याहून 39 मिनिटे मागे होती. मुंबईकरांनी ही नवी वेळ सुखासुखी मानली नाही. शहराची स्वतःची वेळ त्यानंतरही कित्येक दशके, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, टिकून राहिली, आणि त्या काळात कोणी एखादी वेळ सांगितली तर 'कोणत्या घड्याळाची?' असे विचारावे लागे. म्हणजे एकाच शहरात एकाच वेळी दोन काळ चालू होते. हे सारे जुने झाले, पण आमच्या घरातही अशीच दोन घड्याळे चालू होती आणि आम्हा पुरुष मंडळींना त्यांपैकी एकच ऐकू येत होते, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

आमचे कुटुंब पार्ल्याचे. आई, थोरले बंधू व वहिनी, मी व माझे कुटुंब, धाकटा भाऊ, मुलेबाळे धरून आम्ही अकरा माणसे एका स्वयंपाकावर होतो. माझी पत्नी शाळेत शिकवीत असे आणि तिची शाळा सकाळची. त्यामुळे घराचा सारा कारभार वहिनींकडे होता. मी सकाळी 8.52 च्या लोकलने चर्चगेटला जाई. तेवीस वर्षांत हजेरीपटावर माझ्या नावापुढे उशिराची लाल खूण एकदाही पडली नव्हती, आणि हे मी योग्य त्या आणि अयोग्य त्याही ठिकाणी सांगत असे. धाकटा भाऊ कधी उशिरा निघाला तर त्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार मला आहे असेही मी धरून चाललो होतो.

आमचा जेवणाचा डबा मागाहून येई. डबेवाल्याची ही सोय मुंबईत मूळ निघाली ती याच अडचणीतून: चाकरमाना घरून निघतो त्या वेळी स्वयंपाक पुरा झालेला नसतो. सुमारे 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी शंभरएक माणसे जमवून हे काम सुरू केले असे सांगतात. मावळ, खेड, जुन्नर या भागांतील मंडळींनी ते पिढ्यान् पिढ्या चालवले, आणि 2020 पूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दीड-दोन लाख डबे पोचवीत व दुपारी रिकामे डबे परत घरी आणून देत. झाकणावरची रंगांची, आकड्यांची आणि अक्षरांची खूण पाहून सायकल, आगगाडीचा सामानाचा डबा आणि हातगाडी अशा अनेक हातांतून डबा नेमका ज्याचा त्याला मिळतो, याची देशोदेशी वाहवा झाली. ती यथार्थ आहे. तथापि त्या सगळ्या साखळीची पहिली कडी घराच्या ओट्याजवळ असते, आणि तिच्याविषयी कोणी ग्रंथ लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. डबेवाला सव्वानऊला दारात येई. तो थांबत नसे. त्याला थांबणे परवडणारे नव्हते, कारण पुढची लोकल थांबत नसे. म्हणजे सव्वानऊला डबे भरून तयार. म्हणजे नवाला पोळ्या संपलेल्या. म्हणजे आठापूर्वी कणीक मळून मुरत ठेवलेली. म्हणजे साडेसातला कुकर चढलेला. म्हणजे उसळीचे कडधान्य आदल्या दुपारी भिजलेले, रात्री उपसून फडक्यात बांधलेले. म्हणजे ते दोन दिवस आधी वाण्याकडून आलेले. वहिनी रोज अशी उलटी गणती करीत. कागदावर नव्हे, मनात. आणि तीन डब्यांची, तीन निरनिराळ्या माणसांच्या पथ्यपाण्याची.

1991 च्या आषाढात एका संध्याकाळी वहिनी भाजी घेऊन येत असता ओल्या जिन्यावरून घसरल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. रात्री त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. शस्त्रक्रिया ठरली. तीन आठवडे तेथेच राहावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. काळजी होतीच, परंतु घराविषयी मात्र कोणालाच चिंता वाटली नाही. अकरांतील दहा माणसे धडधाकट घरी होती. सर्व वस्तू जागच्या जागी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाण्याचा थेंब नव्हता. नगरपालिकेचे पाणी पहाटे ठरावीक वेळी येते आणि ठरावीक वेळी जाते, हे प्रत्येक मुंबईकरास माहीत आहे. मलाही माहीत होते. ते येण्यापूर्वी न्हाणीघराच्या मागची चावी उघडावी लागते, टाकी भरली की ती बंद करावी लागते, नाहीतर खालच्या बिऱ्हाडात पाणी गळते, हे मला माहीत नव्हते. बंधूंनाही नव्हते. वीस वर्षे वहिनी पहाटे पावणेपाचला उठून ती चावी उघडीत होत्या. आईच्या गोळ्या सापडल्या, पण पांढरी जेवणापूर्वीची की नंतरची हे सांगता येईना, आणि आईला विचारले तर ती म्हणाली, "ती हातावर ठेवते ती मी घेते." पुतण्याच्या शाळेत त्या दिवशी फी भरण्याची शेवटची तारीख होती, हे तो सायंकाळी रडत घरी आला तेव्हा समजले. माझ्या पत्नीने शाळेत जाण्यापूर्वी कसाबसा भात-पिठले केले. डबे गेले नाहीत. मी शेजाऱ्यांकडून दोन बादल्या पाणी आणून अंघोळ केली, आणि कचेरीत पोचलो तेव्हा हजेरीपट साहेबांच्या टेबलावर गेला होता.

त्या लाल खुणेचे दुःख मला अपेक्षेपेक्षा कमी झाले. दुसरीच एक गोष्ट मनाला लागली. तेवीस वर्षे जो वक्तशीरपणा मी माझा गुण म्हणून मिरवला, तो माझा नव्हताच. वहिनींच्या पहाटे पावणेपाचच्या उठण्यावर तो उभा होता. ज्याने आयुष्यात कधी चावी उघडली नाही त्याने धाकट्या भावास उपदेश करावा, याहून हास्यास्पद ते काय?

कचेरीत एक चांगली चाल असते. माणूस रजेवर जाण्यापूर्वी कोणाला तरी आपला चार्ज देतो. कोणते कागद कोठे आहेत, कोणाचे उत्तर यायचे आहे, कोणत्या तारखेस काय पाठवायचे आहे, हे सर्व लिहून दोघांच्या सह्या होतात. आमच्या कचेरीत पट्टेवाल्याच्या चार्जाचीही यादी होत असे. अकरा माणसांच्या घराचा चार्ज मात्र कधी लिहिलाच गेला नव्हता. म्हणून तिसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन इस्पितळात गेलो आणि वहिनींच्या खाटेशेजारी बसून म्हणालो, "वहिनी, तुम्ही काय काय करता ते सांगा, मी लिहून घेतो."

त्या हसल्या. "त्यात काय सांगायचं, भावोजी? जे समोर येतं ते करायचं."

परंतु एकेक आठवू लागले तशी यादी वाढत गेली. पहाटेचे पाणी. दुधाच्या पिशव्या. आईंच्या चार गोळ्या. धाकट्याला वांगे चालत नाही, बंधूंना चतुर्थी. गॅसचा नंबर कोणत्या तारखेस लावायचा. विजेचे बिल, मुलांच्या फिया, ग्रंथालयाची पुस्तके. मोलकरणीचे खाडे. लोणच्याच्या बरणीत पाणी गेले का ते पाहणे. वर्षाचे तिखट-हळद-गोडा मसाला कधी आणि कोणाकडून. पापड-कुरड्या वैशाखात, गौरी-गणपतीची भांडी श्रावणअखेर, पितृपक्षातील तिथी आणि त्या दिवशीच्या ब्राह्मणांना आधी सांगणे. नणंदेच्या मुलीचे बारसे, मामंजींच्या मित्रांपैकी आता उरलेले दोघे आणि दिवाळीत त्यांच्याकडे पाठवायचा फराळ. चार पाने भरली. मी मोजले तेव्हा 62 बाबी झाल्या आणि त्या म्हणत होत्या, "अजून आहे, आता आठवत नाही." मी कचेरीत ज्या टेबलाचा प्रमुख होतो, तेथे सहा माणसे मिळून इतक्या बाबी सांभाळीत नव्हती.

मग ती पाने नीट घडी करून खिशात ठेवताना त्या जे बोलल्या ते मी विसरलो नाही. "लिहून नेलंत हे बरं केलंत, भावोजी. पण करणार कोण?"

याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. घरी आल्यावर मी प्रथम जे केले ते अगदी चुकीचे केले. मोठा तक्ता आखला. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला काम, पावणेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. तांबड्या शाईने ठळक मथळा दिला आणि माजघराच्या भिंतीवर चिकटवला. आईने चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि म्हणाली, "कचेरी घरात आणलीस की रे!" तो तक्ता पाच दिवस टिकला. पहिल्या दिवशी साडेसहाच्या रकान्यात असताना दारात पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी पुतणी तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशी बंधूंनी 'हे मला कोणी विचारले होते?' असा अगदी रास्त प्रश्न केला.

पुढे कुतूहलाने मी या विषयावरची पुस्तके ग्रंथालयातून आणून वाचली. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ या गृहस्थाने गवंडीकामाचे निरीक्षण केले होते. वीट रचताना गवंड्याला 18 हालचाली कराव्या लागत. त्या त्याने 5 वर आणल्या, आणि त्यासाठी गवंड्यास अधिक वेगाने राबवले असे नाही, तर विटा जमिनीवरून उचलून कंबरेच्या उंचीवर ठेवल्या, म्हणजे दर विटेस वाकणे वाचले. कामाच्या या मूळ हालचालींना त्याने आपलेच आडनाव उलटे करून 'थर्ब्लिग' असे नाव दिले, इतका त्या संशोधनाचा त्याला अभिमान! 1924 साली तो एकाएकी वारला. मागे अकरा मुले आणि पत्नी लिलियन. ती स्वतः मानसशास्त्राची विदुषी होती, पतीच्या कामात बरोबरीची भागीदार होती. परंतु एकट्या बाईला काम देण्यास कित्येक कारखानदार कचरले. तेव्हा तिने आपले शास्त्र स्वयंपाकघराकडे वळवले. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरावी, कपाट, चूल आणि मोरी यांमधले अंतर कमी व्हावे, असा तिचा आग्रह असे. पायाने दाबून उघडण्याचे कचऱ्याचे डबे आपण वापरतो, तीही तिचीच कल्पना म्हणून सांगितली जाते. गंमत अशी, की तिला स्वतःला स्वयंपाक फारसा येत नव्हता आणि आवडतही नव्हता. कदाचित म्हणूनच त्यातले कष्ट तिला स्पष्ट दिसले असतील. तिच्या दोन मुलांनी 1948 साली आपल्या बालपणाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली आहे. तीत न्हाणीघरात टांगलेल्या तक्त्यांची गोष्ट आहे: लिहिता येऊ लागलेल्या प्रत्येक मुलाने दात घासले, अंघोळ केली, की आपल्या नावाची आद्याक्षरे त्या तक्त्यावर लिहायची.

ते वाचताना माझा तक्ता का फसला हे ध्यानात आले. माझ्या तक्त्यात वेळ होती आणि काम होते. नाव कोणाचेच नव्हते. शिवाय घराचे काम पंधरा मिनिटांच्या रकान्यात बसत नाही, कारण घराचे निम्मे काम म्हणजे मध्येच उठणे हेच होय. कचेरीत मध्येच कोणी आले तर त्याला 'उद्या या' म्हणता येते; तापलेल्या मुलाला तसे म्हणता येत नाही.

तेव्हा तक्ता काढून टाकला आणि दोनशे पानी वही घातली. वहिनींच्या 62 बाबी तीत रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या अशा लावल्या, आणि रविवारी दुपारी जेवणानंतर सर्वांना बसवून प्रत्येक बाबीपुढे एकाचे नाव घातले. 'सर्वांनी मिळून' असे एकाही बाबीपुढे लिहू दिले नाही. जे सर्वांचे असते ते शेवटी वहिनींचे होते हे आता ठाऊक झाले होते. वेळा मात्र फक्त तीन ठेवल्या: पहाटेचे पाणी, सव्वानऊचे डबे आणि रात्रीची आवराआवर. बाकी ज्याने त्याने आपल्या सोयीने करावे. पाणी मी घेतले. गोळ्या पुतणीकडे गेल्या. ती अकरा वर्षांची होती आणि तिने ते काम कोणाही परिचारिकेपेक्षा काटेकोरपणे केले. बिले धाकट्या भावाकडे. भाजी आणणे आणि रात्री चिरून ठेवणे हे पुरुष मंडळींकडे आले, तेव्हा आईचा विरोध झाला. पुरुषांनी विळीवर बसावे हे तिच्या डोळ्यांना पाहवेना. तिची समजूत शेवटपर्यंत पुरती पटली नाही, ती एवढेच म्हणे, "मी बघत नाही, तुम्ही करा." थोरल्या बंधूंचे नाव बऱ्याच रदबदलीनंतर एका बाबीपुढे लागले: रविवारी भिंतीवरच्या घड्याळास किल्ली देणे. ते त्यांनी व्रतस्थपणे केले आणि दुसरे काही केले नाही. प्रत्येक घरात असे एक बंधू असतात. त्यांच्याशी भांडण्यात वहीचा बळी देऊ नये, असे माझे मत झाले आहे.

वहिनी घरी आल्या तेव्हा त्यांना खाली वाकण्याची बंदी होती. म्हणून जमिनीवरचे पिठाचे आणि तांदळाचे डबे उचलून कंबरेच्या उंचीच्या फळीवर आले, कुकर आणि पोळपाट हाताशी आले. गिलब्रेथच्या विटाच त्या! माझ्या पत्नीने दोन दिवसांनी विचारले, "हे वाकायची बंदी नसताना का केलं नाही?" या प्रश्नावर मी निरुत्तर झालो.

पहिला महिनाभर दुपारी वहिनी नुसत्या झोपत. आई काळजीने म्हणे, हाडाचे दुखणे अंगभर पसरले की काय. एके दिवशी वहिनीच म्हणाल्या, "दुखत काही नाही. झोप साचली होती." पुढे त्या वाचू लागल्या. ग्रंथालयाची पुस्तके बदलून आणण्याचे काम वहीत अगोदर त्यांच्या नावावर होते, ते त्यांनी हट्टाने तसेच ठेवले, कारण त्यानिमित्ताने बाहेर पडता येई.

आता कचेरीविषयी. चार्जाची यादी मी कचेरीतून घरी आणली हे खरे, पण उलट दिशेने मला अधिक मिळाले. कामाचा वेळ कसा राखावा यावर मी पूर्वी जे काही समजत होतो ते सारे लवकर येण्यापुरते होते. लवकर येऊन मी काय करी? समोरचा सर्वांत वरचा कागद उचली. वहिनींच्या ओट्यावर असे कधी होत नसे. ज्याला आपोआप शिजायला वेळ लागतो ते प्रथम चढवायचे, आणि ते शिजते तोवर हाताची कामे करायची, हा तिथला पहिला नियम. कुकर आधी, कोशिंबीर शेवटी. मी कचेरीत तेच करू लागलो: ज्या प्रकरणात दुसऱ्या खात्याकडून माहिती मागवायची आहे त्याची पत्रे सकाळी प्रथम रवाना करायची, आणि उत्तर येईपर्यंत आपल्या हातची प्रकरणे निकालात काढायची. पूर्वी हीच पत्रे मी सायंकाळी, सारे झाल्यावर लिहीत असे, आणि प्रत्येक प्रकरण विनाकारण एक दिवस लांबत असे. दुसरे, संध्याकाळी उठण्यापूर्वी उद्याच्या कामाचे कडधान्य भिजत घालायचे, म्हणजे पहिल्या प्रकरणाचे सर्व जुने कागद काढून टेबलावर ठेवायचे. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही कचेरीत भिजत पडलेली घोंगडी पुष्कळ असतात. भिजत घातलेले कडधान्य क्वचितच. तिसरे म्हणजे अवघड काम जेवणापूर्वी. डबा खाल्ल्यावर माणसाची बुद्धी सौम्य होते, आणि त्या वेळी सह्या करणे, जुळवाजुळव करणे एवढेच बरे. साहेबांनी वारंवार बोलावण्याने जो कालापव्यय होतो त्यावर मात्र मला शेवटपर्यंत उपाय सापडला नाही.

या गोष्टींस आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दरम्यान सरकारनेच घराघरांतून वेळेची पाहणी केली. 2019 सालच्या त्या पाहणीत असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाचे सरासरी 299 मिनिटे देतात, आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. घटकांच्या भाषेत स्त्रियांच्या साडेबारा घटका, पुरुषांच्या चार. शिवाय पाहणीच्या दिवशी घरकामास मुळात हात लावणारे पुरुष होते शेकडा 26, स्त्रिया शेकडा 81. आमच्या पिढीच्या बाया घरीच असत, असे म्हणून पूर्वी वेळ मारून नेता येई. आजच्या सुना सकाळी आपल्याबरोबरच लोकल पकडतात, तेव्हा ते समर्थनही उरलेले नाही. आणि या पाहणीत कामास लागलेली मिनिटे मोजली आहेत. चावीची आठवण ठेवणे, फीची तारीख ध्यानात असणे, याची मिनिटे कोणी कशी मोजावीत?

2020 साली टाळेबंदीत कचेरी खरोखरच घरात आली. डबेवाले थांबले. माजघरात एका टेबलाशी पुतण्या आणि दुसऱ्या टेबलाशी त्याची पत्नी, दोघेही कानांस यंत्रे लावून आपापल्या कचेरीशी बोलत असत. पहिल्या आठवड्यात मी पाहिले, की मधूनमधून उठून कुकरकडे जाणारे एकच टेबल होते. मी काही बोललो नाही. म्हाताऱ्याने बोलू नये असे पुष्कळ प्रसंग असतात. पण ऐंशीच्या घरातल्या वहिनी खुर्चीवरून म्हणाल्या, "भावोजी, जुनी वही कुठं आहे?"

ती फडताळात तळाशी होती. मुलांनी तिची नक्कल मोबाइलवर करून घेतली, आता ती सर्वांच्या हातात असते, आणि काम झाले की ज्याचे त्याने तेथे खूण करायची असते. बाबी बदलल्या आहेत. गॅसचा नंबर गेला, पापड विकतचे आले, पाण्याच्या शुद्धीकरणयंत्राची जाळी बदलणे हे नवे आले. मागच्या वैशाखात सूनबाई कामानिमित्त दहा दिवस बंगळूरला गेली. निघण्यापूर्वी तिने आपल्या 19 बाबींचा चार्ज नवऱ्याला दिला आणि गमतीने माझ्यासमोर दोघांनी सह्याही केल्या. दहा दिवसांत एकही दूरध्वनी 'अमुक कोठे आहे' असे विचारण्यासाठी गेला नाही. लोणच्याच्या बरणीकडे तेवढे दुर्लक्ष झाले आणि वरचा थर फेकावा लागला.

पहाटेच्या पाण्यापुढे अजून माझेच नाव आहे. टाकीस आता आपोआप चालणारा पंप बसवला आहे, त्यामुळे उठण्याचे तसे कारण उरलेले नाही. पावणेपाचला मी उठतो, पंपाचा आवाज ऐकतो, आणि मोबाइलवर खूण करून पुन्हा आडवा होतो. वहिनी त्या वेळी गाढ झोपेत असतात.